डोक्याच्या मागच्या दुखण्याचं कोडिंग: या चुका टाळा

नागपुरात अमेरिकन चार्टचं कोडिंग, म्हणजे तिथल्या पेशंटच्या नोंदींतल्या निदानांना आणि उपचारांना इन्शुरन्सच्या क्लेमसाठी ठरलेले कोड देणं, शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या फोनमध्ये एक एक्सेल शीट हमखास सापडते. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेली, कुणी बनवली त्याचा पत्ता नाही. त्यात एक ओळ असते: ऑक्सिपिटल म्हणजे एम५४.८१. ऑडिटला, म्हणजे इतरांनी दिलेले कोड तपासायला, बसले की या एका ओळीने माझं डोकं उठतं.

एम५४.८१ हा ऑक्सिपिटल न्यूराल्जियाचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या नसेच्या दुखण्याचा, कोड आहे. ते निदान झालं. ऑक्सिपिटल हेडेकमध्ये डॉक्टर फक्त जागा सांगतोय, की बाई डोकं मागच्या बाजूला दुखतंय. असेसमेंटमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या निदानाच्या नोंदीत, तेवढंच असेल तर कोड आर५१.९, म्हणजे नुसती डोकेदुखी, विषय संपला. न्यूराल्जियात मानेच्या वरच्या भागातून टाळूकडे जाणाऱ्या नसेच्या वाटेने करंट बसल्यासारखी कळ येते, काही सेकंद ते काही मिनिटं. नसेवर दाबलं की दुखतं, तिथे भुलीचं इंजेक्शन दिलं की तात्पुरतं थांबतं. हे सगळं चार्टमध्ये दिसलं तरी निदान आपण करायचं नसतं. हे माहीत असायला हवं ते क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, कधी टाकायची ते कळावं म्हणून.

आमच्या टीममध्ये एक बी.फार्म. झालेला मुलगा होता. हुशार, हात भयंकर वेगवान, प्रॉडक्शनमध्ये कायम टार्गेटच्या पुढे. त्याच्याकडे पेन क्लिनिकचे चार्ट होते. डॉक्टर ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्हचा ब्लॉक, म्हणजे त्या नसेला भुलीचं इंजेक्शन, द्यायचे, त्याचा प्रोसिजर कोड सीपीटी ६४४०५, आणि असेसमेंटमध्ये लिहायचे नुसतं 'ऑक्सिपिटल हेडेक'. आता ६४४०५ सोबत आर५१.९ पाठवला की मेडिकल नेसेसिटीवर, म्हणजे हा उपचार गरजेचा होता का या प्रश्नावर, क्लेम अडकण्याची भीती असतेच. या पठ्ठ्याने शीट बघितली आणि सगळीकडे एम५४.८१ लावला. क्लेम धडाधड पास. टीम लीडही खूश.

मग पेयरने, म्हणजे पैसे देणाऱ्या इन्शुरन्स कंपनीने, रेकॉर्ड मागवले. चार्टमध्ये काय, तर दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं दुखतं, मान जड वाटते, कळ येत नाही. न्यूराल्जिया हा शब्द कुठेच नाही. पैसे परत गेले आणि क्लायंटने त्या डॉक्टरांचे सगळे जुने चार्ट पुन्हा तपासायला सांगितले. शनिवारी अख्खी टीम ऑफिसात. पोरगा मला म्हणतो, "काहून मॅडम, क्लेम तं पास झाला होता नं!" पास झाला म्हणजे बरोबर होता असं नसतं रे बाबा, अजून कुणी उघडून पाहिला नव्हता एवढंच.

खरी गंमत पुढे. यातल्या काही पेशंटना डॉक्टरच्या मते न्यूराल्जियाच होता, लिहायचा राहिला होता. वेळेवर क्वेरी गेली असती तर त्यांनी अडेंडम, म्हणजे चार्टला पुरवणी नोंद, टाकलं असतं आणि तोच कोड हक्काने लागला असता.

क्वेरीतही घाई नडते. 'हा ऑक्सिपिटल न्यूराल्जिया आहे का?' असं विचारलं तर उत्तर आपणच डॉक्टरच्या तोंडात घातलं. मी आधी चार्टमधल्या नोंदी तारखेसकट उतरवते: दुखण्याचा प्रकार, तपासणीत काय आढळलं, ब्लॉकनंतर काय झालं. मग विचारते की या दुखण्याचं निदान काय. पर्याय द्यायचेच तर चार्टशी जुळणारे सगळे देते, 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवते. पैशाचा उल्लेख अजिबात नाही. नवी मुलं म्हणतात यात फार वेळ जातो. जाऊ द्या.

दुसरी चूक माझ्या लाडाची: 'मागून डोकं दुखतं म्हणजे बीपी.' हे आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं, म्हणून असेसमेंटमध्ये हायपरटेन्शन आणि हेडेक एकाखाली एक दिसले की मुलं आय१०, म्हणजे बीपीचा कोड, टाकतात आणि डोकेदुखी त्यातच जमा करून टाकतात. डॉक्टरने दोन्ही वेगळे लिहिलेत, संबंध जोडलेला नाही, तर तुम्हीही जोडू नका. दोन कोड द्या.

तशीच जोडाजोड सर्व्हायकोजेनिक हेडेकची, म्हणजे मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीची. एक्सरेत स्पॉन्डिलोसिस (मानेच्या मणक्यांची झीज), तक्रार मागच्या दुखण्याची, की लगेच तिचा कोड जी४४.८६. डॉक्टरने 'सर्व्हायकोजेनिक' म्हटल्याशिवाय नाही. म्हटलं असेल आणि मानेचा आजार माहीत असेल तर त्याचाही कोड सोबत जातो, हे बरेच जण विसरतात. हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा आहे. सर्व्हिसची तारीख बघा, तुम्ही चार्ट कधी उघडला ते नाही.

नुसता आर५१ चालत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून अमेरिकन कोडिंगमध्ये तो आर५१.० आणि आर५१.९ असा फुटला आहे. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांच्या एमआरडीतून, म्हणजे रेकॉर्ड विभागातून, आलेल्यांची ही चूक समजण्यासारखी आहे, कारण डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या मूळ कोडयादीत, आर५१ तीनच अक्षरी आहे. पुस्तक बदललं की सवय बदला.

उभं राहिलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं, असं लिहिलं असेल तर आर५१.०. पण लंबर पंक्चरमुळे (कमरेतून मणक्यातलं पाणी काढल्यामुळे) झालेली डोकेदुखी असं डॉक्टरने म्हटलं असेल तर जी९७.१.

टेन्शन टाइप हेडेक निदान झाल्यावर वर आर५१.९ चिकटवू नका.

ओपीडी चार्टमधलं 'प्रोबेबल', 'रूल आउट' (हे नाही ना, याची खात्री करा), 'सस्पेक्टेड' असं कच्चं निदान कोड होत नाही, लक्षणाचा कोड द्या. अचानक, जोरात दुखलं म्हणून सबअरॅक्नॉइड हॅमरेज रूल आउट करायला सीटी केला, तो नॉर्मल आला, आणि कोडरने त्या हॅमरेजचा आय६० पाठवला. असा चार्ट मी पाहिला आहे. पेशंटच्या रेकॉर्डवर मेंदूतला रक्तस्राव! ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे, तिथे 'प्रोबेबल' निदान पक्कं धरून कोड होतं. दोन्हींची गल्लत करू नका.

मायग्रेनच्या चार्टमध्ये 'रिफ्रॅक्टरी' किंवा 'पुअरली कंट्रोल्ड' दिसलं की ते इन्ट्रॅक्टेबल, म्हणजे औषधांना दाद न देणारं, असंच धरायचं, क्वेरी नको.

एम५४.८१ ला डावं-उजवं नाही, पण ६४४०५ ला आहे. हिस्टरीत उजवी बाजू आणि प्रोसिजर नोटमध्ये डावी, असे कॉपी-पेस्टचे चार्ट सर्रास येतात. मी प्रोसिजर नोट आधी वाचते, मग वर जाते. बाजू जुळली नाही तर मॉडिफायर, म्हणजे बाजू सांगणारी कोडची शेपटी, न लावता चार्ट होल्डवर.