मंत्रशक्तीच्या शिपायांची कथा लिहिताय? या चुका टाळा

आमच्याकडे वऱ्हाडात पहाटे पाचला भरतीची पोरं डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात. त्यांतलीच तीन-चार जणं संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येतात. वहीत असतात मंत्र जाणणाऱ्या पलटणी, आग ओकणारे शिपाई, अदृश्य हेर. या पोरांना फौजेची ओढ आहे आणि इथली जमीन त्यांच्या पायाखालची आहे. तरी लिहायला बसलं की फौजही सुटते आणि जमीनही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुकटची जादू. ती मीही केली आहे. माझ्या पहिल्या कथेत एका मांत्रिकानं मेळघाटातल्या गाविलगड किल्ल्याची भिंत एका ओळीत पाडली होती. शेजारच्या निवृत्त हवालदार काकांना कथा वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "काऊन बाबू, येवढा मंतर मारला, तं थो थकला नाई का? त्याले जेवाले कोनं देल्लं?"

मग मी गाविलगडची खरी लढाई वाचायला घेतली. डिसेंबर १८०३. इंग्रजांना गडाच्या उत्तरेकडून तोफा डागायच्या होत्या. त्यासाठी त्यांच्या स्टीव्हन्सन नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी ७ ते १२ डिसेंबर मेळघाटाच्या डोंगरांतून वाट काढत होती. रस्ता सैन्यानंच कापला आणि जड तोफा बहुतेक वाटभर माणसांनी हातांनी ओढल्या. १५ तारखेला गड पडला. भिंत फुटण्याआधीचे ते पाच-सहा दिवस माझ्या कथेत नव्हतेच, आणि लढाईचा जीव तर तिथेच होता.

म्हणून वहीच्या समासात प्रत्येक मंत्रापुढे तीन गोष्टी लिहा: शरीरातून काय गेलं, ते भरून यायला किती वेळ लागला आणि बाहेरून काय ओढलं गेलं. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. समजा तुमचा शिपाई जमिनीतून पाणी काढतो. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या विहिरी तळाला लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानं छावणीसाठी दोनशे पखाली भरल्या, तर पलीकडच्या गावातली बाई दोर सोडते आणि बादली कोरडी वर येते. तो शिपाई तिच्याच गावचा असेल तर कथा इथून सुरू होते.

दुसरी चूक हुद्द्यांची. शक्ती आली की पोरगा थेट सेनापती! असं होत नाही. पायदळात साधारण दहा जणांचा सेक्शन असतो, तीन सेक्शनची प्लाटून आणि तीन प्लाटूनची कंपनी. अठरा वर्षांचा पोरगा हातातून वीज सोडत असला, तरी रात्रीच्या पहाऱ्याची पाळी त्यालाही चुकत नाही. त्याच्यावर हुकूम चालवणारा हवालदार मंत्रातलं काही जाणत नाही, पण कुठे थांबायचं ते जाणतो. या दोघांमधला ताण लिहा. दहा पानांच्या युद्धापेक्षा तो जास्त धरून ठेवतो.

जागेबद्दल थोडं कडक बोलतो. बर्फ, देवदार, धुक्यातले मनोरे हे सगळं उसनं आहे. मेळघाटात फाल्गुनात सागाची पानं गळतात, सुपाएवढाली, आणि पाय पडला की पापडासारखी वाजतात. अदृश्य शिपाई तिथून चालवून बघा. दिसत नाही, पण अर्ध्या फर्लांगावरून ऐकू येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्याचं चाक आसापर्यंत रुततं. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, ते उगाच नाही. श्रावणातली मोहीम लिहायचीच असेल, तर चाकं कोणत्या मंत्रानं निघतात आणि तो मंत्र दिवसातून किती वेळा चालतो, ते आधी ठरवा.

शत्रूलाही डोकं द्या. पहिल्या लढाईत तुमची वीज बघितल्यावर तो दुसऱ्या लढाईला उघड्या माळावर उभा राहणार नाही.

आणि संवाद. मोर्शीचा पोरगा खंदकात "हे वीरा, सज्ज हो" म्हणत नाही. "चाल बे, उठ" म्हणतो. वऱ्हाडी बोली फक्त हसवायला असते असं समजू नका. भीतीही याच बोलीत बोलली जाते.

प्रसंग अडला असेल, तर त्यातली जादू काढून तो पुन्हा लिहा. माणसं तरीही एकमेकांशी काही बोलत असतील, तर प्रसंग ठीक आहे. जादू परत घाला. सगळी गप्प झाली, तर अडचण मंत्रात नाही, त्या माणसांना काय हवंय हेच ठरलेलं नाही.

कथा पूर्ण झाली की गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथे थांबवेल तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि वाद न घालता पुढे वाचा.