आंतरराष्ट्रीय कक्षाची ऑर्डर हातात पडली, आता पुढे?

विदर्भातल्या सरकारी विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून लागलात की थोड्याच दिवसांत एखादी वाढीव जबाबदारी अंगावर येतेच. कुणाला रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना), कुणाला नॅकची, म्हणजे विद्यापीठाच्या दर्जा-मूल्यांकनाची फाईल, कुणाला वसतिगृह. ज्याचं इंग्रजी बरं आहे असा समज पसरलेला असतो, त्याच्या गळ्यात आंतरराष्ट्रीय कक्ष, म्हणजे परदेशी विद्यापीठांशी संबंध जोडायचं काम. मला तो असाच मिळाला. खोली नव्हती, बाबू नव्हता; कपाटात जुन्या सामंजस्य करारांच्या फाईली तेवढ्या होत्या. नव्याने ऑर्डर मिळालेल्यांसाठी हे लिहितो आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

आधी त्या फाईली वाचून काढा. बहुतेक करार सारखेच निघतील: विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, शिक्षकांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, संयुक्त परिषद. आणि शेवटी कुठेतरी एक ओळ, की या करारामुळे कोणत्याही पक्षावर आर्थिक बंधन येणार नाही. म्हणजे ज्याला रुपया लागतो असं काहीही या कागदाच्या जोरावर होणार नाही. त्यासाठी वेगळा, नेमका करार लागतो. हे करार होतात कसे, तर शिष्टमंडळ येतं, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. साखरपुडा उरकला आणि लग्नाची तारीख काढायला कुणी बसलंच नाही, अशी गत. नवा प्रस्ताव आला की तीन गोष्टी विचारा: तिकडचा प्राध्यापक कोण, इकडचा कोण, आणि पहिल्या वर्षात दोघं मिळून नेमकं काय करणार. उत्तर ‘नंतर पाहू’ असेल तर सही लांबवा. कुलगुरूंना तोंडावर नाही म्हणणं कठीण असतं, हे मलाही कळतं. म्हणून हेच प्रश्न टिपणीत लिहून फाईल वर पाठवायची. कागद बोलला की आपण वाईट होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्याची बैठक लावून घेतली, तर व्यवस्थापन परिषदेत फाईल अडकायचं प्रमाण बरंच कमी होतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे बाहेरच्यांनी यावं असं आहे काय, हा प्रश्न आपल्याच लोकांना फार पडतो. ‘सर, कोण येऊन राहिलं इथे?’ हे वाक्य मी शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. पण लोणार बघा. बसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेली विवरं जगात फारच थोडी आहेत, त्यामुळे चंद्र-मंगळाच्या पृष्ठभागावर काम करणाऱ्यांना लोणारचा खडक हवा असतो. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्यांना ते पाणी. २०२० साली सरोवर गुलाबी झालं आणि त्याच वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, तेव्हापासून विचारणा करणाऱ्याला लोणार कुठे आहे हे समजावून सांगावं लागत नाही. मेळघाटातली कोरकू ही मुंडा या आदिवासी भाषांच्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा, म्हणून भाषाशास्त्रज्ञांना तिचं मोल. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. वनव्यवस्थापनाचा अभ्यास करणारे तिथे पोचतातच. महानुभाव पंथाचं तीर्थस्थान रिद्धपूर आणि महानुभाव साहित्य यांच्यासाठी अमेरिकेतल्या अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी मराठी शिकून कित्येक वर्षं काम केलं. सेवाग्रामबद्दल तर सांगायलाच नको. एखादं परदेशी विद्यापीठ आपल्याकडे येईल ते आपल्या संगणक प्रयोगशाळेसाठी नव्हे. ती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरी आहे. त्यामुळे पहिल्या ई-मेलमध्ये विद्यापीठाची स्थापना, महाविद्यालयांची संख्या, हिरवागार परिसर हे सगळं गाळा. आमच्या विभागातल्या अमुक जणांचं अमुक विषयावर काम आहे, त्यांचा हा निबंध, आणि क्षेत्रभेटीची सोय आम्ही करू शकतो, एवढं पुरतं. ई-मेल तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला नव्हे, त्या विषयाच्या प्राध्यापकाला पाठवा. कार्यालयं उत्तर देतात ती छापील. माणूस उत्तर देतो तेव्हा प्रश्न विचारतो.

इथे एक सावधगिरी. पाहुण्या संशोधकाने लोणारच्या चिखलाची बाटली पिशवीत टाकून विमान धरायचं, असं चालत नाही. सरोवर अभयारण्यात येतं, त्यामुळे वन विभागाची परवानगी आधी लागते. जैविक नमुना देशाबाहेर जायचा असेल तर जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी गाठ पडते. हे पाहुणा यायच्या आधीच त्याला लिहून कळवा, म्हणजे ऐन वेळी तोंड लपवायची पाळी येत नाही. कोरकू किंवा गोंडीच्या ध्वनिमुद्रणाचंही तसंच. गावाची संमती, मुद्रणाची एक प्रत आपल्या विभागात, आणि निबंधात आपल्या सहकाऱ्याचं नाव, हे तिन्ही आधी ठरवून घ्या. नुसती गाडी आणि दुभाषी पुरवणारं विद्यापीठ भागीदार नसतं. त्याला ट्रॅव्हल एजन्सी म्हणतात.

संयुक्त पदवीची स्वप्नं पाहण्याआधी नॅकचा आकडा पाहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार नॅकमध्ये किमान ३.०१ गुण, किंवा केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान असेल, तर टाइम्स किंवा क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारांतल्या परदेशी संस्थेशी वेगळ्या परवानगीविना असा अभ्यासक्रम चालवता येतो. ट्विनिंगमध्ये (पदवी आपली, थोडा अभ्यास तिकडे) परदेशी संस्थेतले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, तीस टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. संयुक्त पदवीत दोन्हीकडचे किमान तीस-तीस टक्के हवेत. आपल्यासारख्यांनी एवढ्या वर उडी मारण्यापेक्षा एका सत्राच्या देवाणघेवाणीपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही गणित आहेच. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याप्रमाणे ४०. तिकडचा सहा क्रेडिटचा पेपर आपल्याकडे ढोबळमानाने चारचा. हा तक्ता विद्यार्थी जाण्याआधी अभ्यास मंडळात आणि विद्यापरिषदेत मंजूर करून घ्या. मुलगी सत्र पूर्ण करून परत आली आणि इथे पुन्हा तेच पेपर लिहायला बसली, असं होऊ द्यायचं नसेल तर दुसरा मार्ग नाही. पैशांसाठी युरोपची इरॅस्मस प्लस योजना आहे, पण तिचा अर्ज तिकडची संस्था करते आणि आपण भागीदार म्हणून त्यात असतो. म्हणजे पुन्हा तो ओळखीचा प्राध्यापकच कामाला येतो. परदेशी तज्ज्ञाला इथे शिकवायला बोलावण्यासाठी केंद्राची ‘ज्ञान’ योजना २०१५ पासून आहे. पात्रतेच्या अटी मात्र दर वेळी नव्याने वाचा, त्या बदलत राहतात.

आता ज्या खिडकीकडे कुणी बघत नाही तिच्याविषयी. आपल्या विद्यापीठाची परदेशातली पहिली ओळख परीक्षा विभागात होते, आंतरराष्ट्रीय कक्षात नाही. आपला माजी विद्यार्थी कॅनडात किंवा जर्मनीत अर्ज करतो, त्याला सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) लागतं, पदवीच्या पडताळणीसाठी तिकडून ई-मेल येतो. तो ई-मेल कुठल्या पत्त्यावर येतो, कोण उघडतं, इंग्रजीत उत्तर कोण लिहितं? काही ठिकाणी तो पत्ता निवृत्त झालेल्या अधीक्षकांच्या नावाने चालू असतो. वरुड-मोर्शीचा शेतकरी बाप पोराच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी बस धरून येतो आणि ‘साहेब सुट्टीवर हायेत’ ऐकून परत जातो. अर्जाची मुदत टळते ती इथे. मी कक्षाच्या नावाने सगळ्यांत आधी काही मागितलं असेल तर हेच: पडताळणीचा एकच अधिकृत ई-मेल, ठरलेली मुदत, आणि उत्तराचा इंग्रजी मसुदा तयार ठेवलेला. परीक्षा विभागातले बाबू सुरुवातीला कुरकुरले, मग मसुद्यामुळे त्यांचंच काम हलकं झालं. याच मुलांची यादी ठेवा. पुढे पाहुणा वक्ता, शिफारस, तिकडच्या प्राध्यापकाशी ओळख, सगळं त्यांच्याकडूनच येतं. यूजीसीनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरराष्ट्रीय कार्यालयासोबत माजी विद्यार्थी संपर्क कक्ष सुचवला आहे. आमच्याकडे तो माझ्या लॅपटॉपमधली एक एक्सेल शीट आहे.

पैसा नसेल तर ऑनलाइन संयुक्त वर्ग घ्या. मध्य युरोप आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात, ते वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. आपल्याकडची दुपारी अडीचची वेळ दोघांनाही सोसते. वीज जाईल हे धरूनच चाला: मोबाईल डेटा आणि चार्ज केलेला लॅपटॉप शेजारी. मुलं पहिल्या वर्गात बोलत नाहीत. त्यांना चार-चारच्या गटात तिकडच्या मुलांशी जोडून कापसाचा भाव, पाणी, स्थलांतर असा विषय द्या. व्याकरण बिघडतं, पण बोलायला लागतात.

पाहुणा प्रत्यक्ष येणार असेल तर मुक्कामाची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. आपल्या अतिथीगृहाला त्या नोंदणीचं लॉगिन आहे का, हे आधी तपासा. परिषदेसाठी येणाऱ्याचा व्हिसाही परिषदेचाच हवा. लोणारला जाणाऱ्याला नागपूरपेक्षा छत्रपती संभाजीनगरहून आणणं सोयीचं. मे महिन्यात कुणालाही बोलावू नका.

आणि कक्षाचा पत्रव्यवहार स्वतःच्या जीमेलवरून करू नका. विद्यापीठाच्या डोमेनवरचा पदनामाचा पत्ता मागून घ्या, त्याचा पासवर्ड कुलसचिव कार्यालयातही असू द्या. तुमची बदली होईल किंवा जबाबदारी दुसऱ्याकडे जाईल, तेव्हा प्रत्येक जिवंत करारामागे एक पान लिहून ठेवा: तिकडे कोण उत्तर देतं, काय ठरलं होतं, कुठे अडलं, मुदत कधी संपते. जे करार नुसते फोटोपुरते होते त्यांची मुदत संपू द्या, नूतनीकरणाची टिपणी घालू नका. नॅकलाही चालू स्थितीतलेच करार दाखवावे लागतात.