बोंबील सुकवताना

डोलीचे, म्हणजे पिशवीसारख्या डोल जाळ्यात धरलेले, बोंबील किनाऱ्याला लागले की घाई करा. या माशात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. ढीग उन्हात पडून राहिला तर मांस लिबलिबीत होतं आणि धरलेला जबडाच तुटून हातात येतो. तसा मासा टांगता येत नाही.

आधी स्वच्छ समुद्राच्या पाण्यात धुऊन वाळू काढा. खाडीचं गढूळ पाणी नको. सारख्या आकाराचे दोन बोंबील घ्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवा आणि जोडी वलांडीच्या, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडणीच्या, दोरीवर टाका. दात आत वळलेले असतात, त्यामुळे गाठ मारावी लागत नाही. मीठही लागत नाही. जोड्यांमध्ये बोटभर अंतर हवंच. चिकटले की मधला भाग ओला राहतो, तिथे माश्या अंडी घालतात. औषध मात्र फवारू नका, हा माल पोटात जायचा आहे!

वारा चांगला असेल तर तीन दिवस पुरतात. दव पडत असेल तर रात्री ताडपत्री टाका, सकाळी लवकर काढा, नाहीतर आत वाफ धरून बुरशी येते. अवकाळी पावसात भिजलेला माल पांढरा राहत नाही, पिवळा पडतो आणि भाव निम्म्यावर येऊ शकतो.

कण्याजवळ दाबून बघा. बोट रुतलं तर अजून एक ऊन द्या. कोमट माल गोणीत भरू नका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत विकायचा साठा पावसाआधीच हवाबंद करा.