बाळाची इम्युनिटी पहिल्या तासापासून: अंगावरचं दूध नीट कसं पाजायचं

बाळंतपण जवळ आलं की डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, टोपरी सगळी तयारी होते, पण जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला अंगावर कोण लावणार हे मात्र कोणी ठरवून ठेवत नाही. ते आधी ठरवा, डॉक्टरांशी आणि जी आई किंवा सासूबाई सोबत थांबणार असेल तिच्याशी आत्ताच बोलून घ्या, कारण त्या गडबडीत नवीन बाळंतिणीला बोलायचं सुचत नाही आणि तेवढ्यात कोणीतरी मधाचं बोट पुढे करतं.

पहिले दोन-चार दिवस जे घट्ट पिवळसर येतं तो चीक. अजूनही काही घरांत तो "जड पडतो" म्हणून पिळून टाकतात, हे ऐकलं की खरंच जीव तुटतो, कारण बाळाचं संरक्षण सगळ्यात दाट असतं ते त्यातच. पोटात असताना आईकडून नाळेतून आयजीजी नावाच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या रक्तात गेलेल्या असतात, पण आतडं आणि घसा उघडेच असतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. चिकात सिक्रीटरी आयजीए नावाची अँटीबॉडी भरपूर असते, ती आतड्याच्या आतल्या बाजूला पसरते आणि जंतूंना चिकटू देत नाही. शिवाय लॅक्टोफेरिन हे जंतूंना वाढू न देणारं प्रथिन, आईच्या पांढऱ्या पेशी, व्हिटॅमिन ए. चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं, म्हणून "दूधच नाही, पावडर आणा" असं लगेच ठरवू नका.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. घरात सर्दी, जुलाब काही आलं की तो जंतू आईच्याही अंगात जातो, तिचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार करतं, त्यातल्या काही स्तनांपर्यंत पोचतात आणि त्या अँटीबॉडी दुधात उतरतात, म्हणजे त्याच घरातल्या जंतूंवरचा बंदोबस्त बाळाला मिळतो. म्हणून आईला साधी सर्दी-ताप आला की पाजणं बंद करायचं नाही, मास्क लावा, हात धुवा आणि पाजा, औषध घेताना फक्त डॉक्टरांना सांगा की मी पाजते आहे. आणि दुधात काही साखरा अशा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत, त्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या चांगल्या जंतूंचं खाणं असतं. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, कानाचं इन्फेक्शन, न्यूमोनिया कमी होतात त्याच्यामागे हे सगळं आहे.

आता लावायचं कसं. बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि अंग एका रेषेत, नाक निप्पलच्या समोर. वरच्या ओठाला निप्पल हलकेच घासा आणि थांबा, जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की बाळाला छातीकडे घ्या, आपण वाकून स्तन तोंडात कोंबायचा नाही. हनुवटी टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसतं निप्पल नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात, खालच्या बाजूचा जास्त. टोचत राहिलं तर ओढून काढू नका, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवा आणि परत लावा, दहा वेळा लावायला लागलं तरी चालेल. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका, रात्री प्रोलॅक्टिन हे दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं आणि दूध वाढायला त्याची मदत होते.

सिझेरियन झालं असेल तर नर्सला सांगून आडवं पडून लावा, बाळ काचेत असेल तर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, डॉक्टरांना विचारून. फारच लवकर जन्मलेल्या बाळाला आईचं दूध मिळत नसेल तर दूधपेढीची, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध जिथे मिळतं तिची, चौकशी करा, मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं काही नाही. पाणी नाही, अगदी मे महिन्यातही नाही, दुधातच पुरेसं असतं. मध तर वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीचा आग्रह होईल, आजीला दुखवायचं नसेल तर डॉक्टरांनाच तिच्यासमोर विचारा, ते सांगतील. व्हिटॅमिन डीचे थेंब आणि लसी मात्र द्यायच्याच, अंगावरचं दूध लसीची जागा घेत नाही. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणी सुरू करा आणि पाजणंही दोन वर्षं किंवा पुढे चालू ठेवा.

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले व्हायला हवेत. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. नोकरीवर जाणाऱ्यांनी काढलेलं दूध बाहेर चार तास, पण उन्हाळ्यात सरळ फ्रीजमध्येच, तिथे चार दिवसांपर्यंत. गरम करायचं तर कोमट पाण्यात बाटली धरून, मायक्रोवेव्ह नको.

स्तनात गाठ, लाली, ताप आला तरी पाजणं थांबवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. कीमो चालू असेल, एचआयव्ही असेल तर मात्र पाजायचं कसं हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. काही कारणाने पावडरच द्यावी लागली तर ती आई कमी पडली असं कोणी म्हणू नये, जितकं अंगावरचं मिळेल तितकं बाळाच्या कामाचं. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, शंभरच्या वर गेलं, किंवा पिणंच सोडलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं.