गणित नेमकं कुठं अडलंय? वहीवरून शोधायची आणि दुरुस्त करायची पद्धत

आठवी-नववीत गणिताचे मार्क घसरले की ठरलेला उपाय म्हणजे आणखी उदाहरणं. वीसच्या जागी पन्नास. मग मूल तीच चूक पन्नास वेळा करतं आणि ती पक्की बसते. माध्यमिक वर्गात गणित अडण्याचं कारण बहुतेकदा त्या वर्षीच्या पुस्तकात नसतंच. ते दोन-तीन इयत्ता मागे राहिलेलं असतं: बरोबरचं चिन्ह, अपूर्णांक, वजाचं चिन्ह आणि गुणोत्तर, या चारपैकी कुठंतरी. अंकगणितात एका वेळी यातलं एखादंच लागतं, त्यामुळे निभावून जातं. बीजगणिताला चारही एकदम लागतात.

म्हणून आधी शोध, मग सराव.

पहिलं काम वहीचं

उत्तरपत्रिका बाजूला ठेवा. गेल्या तीन आठवड्यांची वही घ्या आणि कच्चं काम केलेली पानंही मागून घ्या. चुकलेली पंधराएक उदाहरणं निवडा. प्रत्येकात फक्त पहिली चुकीची ओळ शोधून तिच्यावर खूण करा. त्यानंतरचं सगळं त्या ओळीतून आलेलं असतं, ते तपासत बसू नका.

मग या खुणा शेजारी शेजारी ठेवून बघा. चुका विखुरलेल्या असतील, म्हणजे इथं ७ × ८ चुकलं, तिथं आकडा उतरवताना उलटा झाला, तर प्रश्न घाईचा किंवा पाढ्यांचा आहे. एकाच जातीची चूक तीन-चारदा दिसली तर तिला हलगर्जीपणा म्हणू नका. मुलाच्या डोक्यात एक नियम आहे, तो चुकीचा आहे आणि मूल तो इमानदारीने पाळतंय. फळ्यावरून उतरवतानाच आकडे बदलत असतील तर आधी डोळे तपासून घ्या. हे कारण सहज निसटतं.

बारा प्रश्नांची तपासणी

वेळ चाळीस मिनिटं. पेन द्यायचं, पेन्सिल नाही, म्हणजे खोडलेलं दिसतं. मध्येच बरोबर-चूक सांगायचं नाही.

१. ८ + ४ = __ + ५
२. १/२ + १/३
३. ३/४ मोठा की ५/७?
४. ०.३५ मोठी की ०.८?
५. −७ + ३
६. −३² आणि (−३)²
७. १० − (क्ष − २) कंस काढून लिहा
८. ३क्ष + ४ याहून सोपं करता येईल का?
९. (क्ष + ६)/६ यात ६ ला ६ खोडता येईल का?
१०. ४ सेंमी आणि ६ सेंमी बाजूंचा आयत त्याच आकारात मोठा केला. लहान बाजू ६ सेंमी झाली, तर मोठी किती?
११. प्रत्येक शिक्षकामागे ६ विद्यार्थी आहेत. शिक्षकांची संख्या श, विद्यार्थ्यांची व. समीकरण लिहा.
१२. १०० मध्ये २० टक्के वाढ केली, आलेल्या संख्येत २० टक्के घट केली. किती राहिले?

प्रत्येक उत्तरावर विचारायचं, ‘हे कसं केलंस?’ बरोबर उत्तरावरसुद्धा. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडले तर १/४ उरतं, आणि उत्तर खरोखरच १/४ आहे. पद्धत मात्र साफ चुकीची. अशी बरोबर उत्तरं वर्षानुवर्षं खपून जातात.

नेहमी दिसणारी चुकीची उत्तरं अशी: पहिल्यात १२ किंवा १७, दुसऱ्यात २/५, चौथ्यात ०.३५ (३५ हे ८ पेक्षा मोठे म्हणून), पाचव्यात −१०, सातव्यात ८ − क्ष, आठव्यात ७क्ष, दहाव्यात ८, बाराव्यात १००. यांची बरोबर उत्तरं अनुक्रमे ७, ५/६, ०.८, −४, १२ − क्ष, ‘नाही’, ९ आणि ९६. तिसऱ्यात ३/४ मोठा, सहाव्यात −९ आणि ९, नवव्यात ‘नाही’. अकराव्याकडे पुढे येऊ.

बरोबरचं चिन्ह

पहिल्या प्रश्नात १२ लिहिणाऱ्या मुलासाठी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. दोन्ही बाजू समान आहेत हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. अशा मुलाच्या वहीत ५ + ७ = १२ × २ = २४ अशा साखळ्या सापडतात. ५ + ७ म्हणजे २४ नव्हे, पण उत्तर आलं म्हणून कोणी अडवत नाही.

पुढे समीकरणात ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा मंत्र मिळतो आणि गोंधळ पुरा होतो. ३क्ष = १२ मधला ३ पलीकडे नेताना कोणी क्ष = १२ − ३ करतं, तर कोणी भागाकार करूनही चिन्ह बदलतं आणि क्ष = −४ काढतं. दोघांनीही मंत्र पाळलाय.

उपाय: दोन आठवडे बाजू बदलायला पूर्ण बंदी. ३क्ष + ५ = २० असेल तर ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा’ असं शब्दांत लिहायचं, ३क्ष = १५. मग ‘दोन्ही बाजूंना ३ ने भाग’, क्ष = ५. शेवटी मूळ समीकरणात ५ घालून बघायचं: १५ + ५ = २०. हुशार मुलं या लांबणीला कंटाळतात. कंटाळू द्या, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

अपूर्णांक

जास्तीत जास्त नुकसान इथं होतं. मुलाला १/३ मध्ये एक संख्या दिसत नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन दिसतात. मग अंशात अंश, छेदात छेद मिळवणं त्याला अगदी रास्त वाटतं. लसावि काढायची रीत पुन्हा घोटून घेतल्याने हे सुटत नाही. ती रीत त्याने आधीही पाठ केली होती.

कागदावर १२ सेंमीची रेघ ओढा. एका टोकाला ०, दुसऱ्याला १. आता १/२ कुठं? ६ सेंमीवर. तिथून पुढे १/३ जायचं, म्हणजे आणखी ४ सेंमी. पोचलो १० सेंमीवर, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. मग त्याचं उत्तर, २/५, त्याच रेघेवर त्यालाच दाखवायला सांगा. ते येतं ४.८ सेंमीवर, अर्ध्याच्याही अलीकडे. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं, हे त्याला स्वतःला खटकलं पाहिजे. आपण सांगून उपयोग नाही.

रेघेचं काम आठवडाभर वेगवेगळ्या छेदांनी करा: २ आणि ४, ३ आणि ६, ३ आणि ४. समान छेद कशाला हवा, हे तिथंच कळतं. लसावि त्यानंतर. हे सोडून पुढे गेलं की दहावीपर्यंत १/क्ष + १/य = २/(क्ष + य) दिसत राहतं, आणि मुलाला बीजगणित जमत नाही असा शिक्का बसतो. ती चूक अपूर्णांकांची आहे.

(क्ष + ६)/६ मधली खोडाखोडी हा याचाच भाऊ. इथं एक हत्यार मुलाच्या हातात कायमचं द्या: शंका आली की संख्या घालून बघ. क्ष = ९ घेतला तर १५/६, म्हणजे २.५. खोडून आलेलं उत्तर क्ष, म्हणजे ९. जमत नाही, संपलं. फक्त ०, १ आणि २ या संख्या घेऊ देऊ नका, त्या चूक झाकतात. (अ + ब)² = अ² + ब² यात ब = ० घातला तर सगळं छान जुळतं. ३ आणि ५ घाला: डावीकडे ६४, उजवीकडे ३४.

वजाचं चिन्ह

‘वजा वजा अधिक’ हा नियम गुणाकाराचा आहे. मुलं तो बेरजेत वापरतात आणि −४ − ५ चं उत्तर ९ लिहितात. हे वाक्य काही दिवस बंदच ठेवा. बेरीज-वजाबाकी संख्यारेषेवर: −७ वर उभं राहा, ३ पावलं उजवीकडे, −४. गुणाकार वेगळ्या दिवशी, क्रमाने: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. उत्तर दर पायरीला ३ ने वाढतंय, मग −३ × −१ किती असायला हवं? मूल स्वतः ३ म्हणतं.

कंसापुढच्या वजाला सोपी युक्ती आहे. तिथं १ लिहायचा: १० − १(क्ष − २). आता गुणाकार दिसतो आणि १० − क्ष + २ = १२ − क्ष येतं.

पाढे लागतात, पण उलटे

क्ष² + १३क्ष + ३६ चे अवयव पाडताना गुणाकार ३६ आणि बेरीज १३ येईल अशी जोडी हवी. चार नवे छत्तीस ज्याला बोटांवर मोजावं लागतं, तो मोजून परत येईपर्यंत आपण काय शोधत होतो हे विसरलेला असतो. एका वेळी डोक्यात मावतं ते मोजकंच. म्हणून रोज पाच मिनिटं पाढे, पण ओळीने म्हणायचे नाहीत. ‘३६ कसे कसे मिळतात? ४८? ५६?’ असं उलटं विचारायचं.

शाब्दिक उदाहरणं

इथं चूक बहुधा वाचनाची असते. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, हा आडाखा प्राथमिक शाळेत चालतो. ‘रमेशकडे सीमापेक्षा ५ गोट्या जास्त आहेत, रमेशकडे १२ आहेत, सीमाकडे किती?’ इथं तो आपटतो. उदाहरण वाचून झालं की आकडे न सांगता काय घडलं ते मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्या. सांगता येत नसेल तर समीकरण मांडायची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी गोष्ट, अक्षर म्हणजे काय ते पूर्ण लिहायचं. ‘श = शिक्षक’ नव्हे, ‘श = शिक्षकांची संख्या’. अकराव्या प्रश्नात ६व = श लिहिणारं मूल वाक्य शब्दामागून शब्द उतरवतंय, ‘सहा विद्यार्थी, एक शिक्षक’. १० शिक्षक धरा: विद्यार्थी ६०. म्हणजे व = ६श.

वयाच्या उदाहरणांत ‘आज’ आणि ‘५ वर्षांपूर्वी’ असे दोन रकाने पाडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. एकाच्याच वयातून ५ वजा करणं ही इथली ठरलेली चूक.

भूमितीत

आकृती फसवते. फक्त ‘त्रिकोण’ म्हटलं तरी मूल समद्विभुज काढतं आणि दोन बाजू समान दिसतात म्हणून सिद्धतेत समान धरतं. प्रत्येक प्रमेयासाठी दोन आकृत्या काढायला लावा, त्यातली एक मुद्दाम वेडीवाकडी. आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कारण. कारणाच्या जागी जे सिद्ध करायचंय तेच लिहिलेलं सापडेल, तिथं थांबा.

रोजची पंचवीस मिनिटं

एका वेळी एकच खड्डा बुजवा. पाच मिनिटं पाढे आणि कालचं आठवून लिहिणं, पुस्तक बंद ठेवून. दहा मिनिटं सोडवलेलं उदाहरण: प्रत्येक ओळ का आली ते मुलाने सांगायचं. मग त्याच जातीचं, शेवटची ओळ गाळलेलं. मग शेवटच्या दोन गाळलेलं. उरलेली दहा मिनिटं पाच-सहा मिश्र उदाहरणं, वेगवेगळ्या धड्यांतली. धड्याखालच्या उदाहरणसंग्रहात कोणती रीत वापरायची हे शीर्षकच सांगून टाकतं. परीक्षेत ते कोणी सांगत नाही, आणि ‘घरी येतं, पेपरात येत नाही’ याचं मोठं कारण हेच आहे. मिश्र सरावात सुरुवातीला चुका वाढतात. त्या वाढल्या म्हणून सोडू नका.

बुजवलेला खड्डा दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचा. या काळात घड्याळ लावायचं नाही. भीतीही डोक्यातली तीच मोजकी जागा खाते. ‘अगं, सोपं तर आहे’ हे वाक्यही नको. सोपं असून येत नाही, याचा अर्थ मूल स्वतःपुरता लावून मोकळं होतं.

काही महिने नीट काम करूनही लहान संख्यांची तुलना, घड्याळ, सुटे पैसे यांतच गोंधळ राहत असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या समजण्यातच असलेल्या शिकण्याच्या अडचणीची, शक्यता तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. तिथं जास्त सरावाने भागत नाही.

सहा आठवड्यांनी तेच बारा प्रश्न आकडे बदलून द्या: ९ + ६ = __ + ७, १/४ + १/३, −८ + ५ असे. मार्क तेवढ्यात वाढतीलच असं नाही. वहीत मात्र पहिली चुकीची ओळ खाली सरकलेली दिसते: जी दुसऱ्या ओळीत व्हायची ती चूक आता सहाव्या ओळीत, आणि बऱ्याचदा ती नुसत्या हिशेबाची.