डबा रात्री ठरतो: नाशिकच्या घरासाठी काटकसरीची रीत

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा माणूस सकाळी सव्वासहालाच घराबाहेर पडतो आणि त्याच सुमारास मुलांच्या शाळेच्या रिक्षाचीही वेळ झालेली असते. एवढ्या सकाळी ठरलेला स्वयंपाक उरकता येतो, नवा ठरवता येत नाही. डबा बुडतो तो बहुतेक वेळा आळसामुळे नव्हे, तर साडेपाच वाजता फ्रिजसमोर उभे राहून "आज काय करायचे" हा प्रश्न पडल्यामुळे. म्हणून डबा सुरू करू पाहणाऱ्या घराने पहिली सवय लावून घ्यावी ती रात्रीची: जेवण झाल्यावर ओटा पुसण्याआधी उद्याची भाजी कोणती हे ठरवावे, ती निवडून व चिरून झाकून ठेवावी आणि कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवावी. या कामाला वीस मिनिटे पुरतात.

आधी बचत किती होते ते मांडून पाहू. बाहेरचे साधे ताट शंभर रुपयांना मिळते असे धरले आणि महिन्यात कामाचे दिवस २२ धरले, तर एका माणसाच्या दुपारच्या जेवणाला २,२०० रुपये लागतात. घरच्या डब्यात चार पोळ्यांना सुमारे १२० ग्रॅम पीठ लागते. चाळीस रुपये किलोच्या भावाने ते पाच रुपयांचे होते. दीडशे ग्रॅम भाजी साठ रुपये किलोची धरली तर नऊ रुपये, तेल दीड-दोन रुपयांचे, आणि शेंगदाण्याची चटणी, मसाला व गॅस मिळून सात-आठ रुपये. म्हणजे डबा पंचवीस रुपयांच्या आत बसतो आणि महिन्याला माणशी सुमारे १,६५० रुपये मागे राहतात. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या वाण्याचे आणि आपल्या नाक्यावरचे भाव घालून प्रत्येकाने ही बेरीज स्वतः करावी, कारण दुसऱ्याच्या हिशेबावर कोणी महिनाभर पहाटे उठत नाही.

या हिशेबात एक चोरवाट आहे. डब्यासाठी आणलेल्या मेथीच्या दोन जुड्यांपैकी एक पिवळी पडून टाकावी लागली, तर पंचवीसचा डबा पाहता पाहता चाळीसचा होतो. म्हणून भाजी आणताना ती कोणत्या वारी डब्यात जाणार हे ठाऊक असले पाहिजे. पालेभाजी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी संपवावी. भेंडी, गवार, ढोबळी मिरची दोन-तीन दिवसांत. कोबी, दुधी आणि दोडका त्यानंतर घ्यावेत. आणि आठवड्याच्या शेवटी, टोपली रिकामी झाल्यावर, कडधान्य आणि पिठले यांचा आधार घ्यावा. आमच्या घरी भाजीचा बाजार बुधवारी होतो, कारण गोदाघाटावरचा आठवडे बाजार बुधवारी भरतो. संध्याकाळी उशिरा गेल्यास भाव उतरलेले असतात, परंतु मालही निवडून गेलेला असतो. भेंडी आणि वांगी अशा वेळी घेऊ नयेत, कोबी आणि भोपळा खुशाल घ्यावा.

कडधान्याच्या बाबतीत नाशिकची थंडी लक्षात घ्यावी लागते. मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात घट्ट बांधली, तर मे महिन्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला मोड दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र तिला आणखी एक दिवस सहज लागतो. त्या दिवसांत पुरचुंडी नळाला न टांगता झाकणाच्या डब्यात घालून गव्हाच्या पिंपाशेजारी किंवा फ्रिजच्या वर ठेवावी, आणि भिजवताना कोमट पाणी घ्यावे. पाव किलो मटकी मोड आल्यावर अडीच-तीन पट दिसते आणि चार डब्यांची उसळ होऊन वर एक वाटी कच्ची उरते; तीच कांदा, लिंबू आणि मीठ घालून मुलांच्या छोट्या सुटीच्या डब्यात देता येते. पाव किलोच्या भावात चार डबे भागवणारी दुसरी भाजी मला ठाऊक नाही.

डबा भरण्याची पद्धत हा विषय किरकोळ वाटतो, पण टाकून दिलेल्या डब्यांपैकी पुष्कळसे इथेच बिघडतात. एका मे महिन्यात मी बटाट्याची भाजी कढईतून थेट डब्यात काढून वाफेसकट झाकण लावले होते. दुपारी एक वाजता झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूने पाण्याचे थेंब भाजीवर गळलेले होते आणि घास उचलताना तार सुटत होती. त्या दिवशी डबाही गेला आणि बाहेरचे ताटही घ्यावे लागले, म्हणजे दुहेरी खर्च. तेव्हापासून भाजी ताटात पसरून पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवल्याशिवाय झाकण लागत नाही. पोळ्यांचेही तसेच, तव्यावरून काढलेली पोळी जाळीवर किंवा फडक्यावर निवली की मग घडी घालावी, नाहीतर खालच्या दोन पोळ्या ओल्या होऊन चिकटतात. उन्हाळ्यात ओले खोबरे, दुधाचे पदार्थ आणि रसदार भाज्या डब्यातून बाद कराव्यात आणि त्यांच्या जागी सुकी भाजी, लसणाची कोरडी चटणी व लिंबाची फोड द्यावी.

शिळ्या भाताविषयी थोडे काटेकोर राहावे. भात शिजला तरी त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिल्लक राहतात आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यांची वाढ होऊन विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून सकाळी फोडणीचा भात डब्यात द्यायचा असेल तर रात्रीचा उरलेला भात निवताच, तासाभराच्या आत, उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये जायला हवा. सकाळी तो कढईत चांगला वाफाळेपर्यंत परतावा आणि त्यातूनही उरला तर पुन्हा ठेवू नये. पोळीला एवढी भीती नाही. रात्रीच्या तीन-चार पोळ्या कुस्करून कांदा, मिरची, शेंगदाणे घातलेली फोडणीची पोळी हा डबा मुले ताज्या पोळीपेक्षा आवडीने खातात, असा निदान आमच्या घरचा अनुभव आहे.

डबा स्टीलचाच घ्यावा. प्लॅस्टिकच्या डब्याला तेलाचा आणि हळदीचा डाग धरतो, दोन वर्षांत त्याचे कान तुटतात आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. भांडी बाजारात जुनी, पोचे गेलेली भांडी मोडीत देऊन नवा डबा घेण्याची रीत अजून आहे. माळ्यावर पडलेले पातेले उगाच जागा अडवून असेल तर त्याचा असा उपयोग करून घ्यावा. झाकणाच्या रबरी कडीत मात्र वास राहतो. आठवड्यातून एकदा ती काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवावी, घासून उन्हात वाळवावी. बुरशीचे बारीक काळे ठिपके दिसले तर रबर बदलावे. ते डब्याच्या मानाने अगदी स्वस्तात मिळते.

आता कांद्याविषयी. नाशिकच्या माणसाने कांद्यात फसावे ही लाजेची गोष्ट आहे, पण मी फसलो आहे. एका नोव्हेंबरमध्ये भाव बरा दिसला म्हणून लाल कांदा दहा किलो आणून गॅलरीत ठेवला आणि तीन आठवड्यांत त्यातला निम्मा नासला. खरिपाच्या लाल कांद्यात पाण्याचा अंश जास्त असतो. तो आणून खायचा असतो, साठवायचा नसतो. साठवणीचा कांदा म्हणजे उन्हाळी कांदा, जो एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि शेतकरी ज्याला कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकवतात. त्यातलाही बारीक मानेचा, घट्ट आणि वरची पापुद्री कोरडी वाजणारा निवडावा. जाड मानेचे आणि डेंगळे आलेले कांदे बाजूला काढून आधी वापरावेत. घरात ते पोत्यात न ठेवता पलंगाखाली किंवा जिन्याखाली हवा खेळेल असे एका थरात पसरावेत, बटाट्यांपासून दूर ठेवावेत आणि दर रविवारी एकदा हात फिरवून मऊ लागलेला कांदा काढून टाकावा. एक नासका कांदा राहिला तर शेजारचे चार जातात. पावसाळ्याच्या शेवटी भाव चढतात तेव्हा घरातला हा कांदा उपयोगी पडतो.

टोमॅटोचा हंगाम साधारण ऑगस्टपासून सुरू होतो आणि गिरणारे, पिंपळगाव या भागांतून आवक वाढली की घाऊक भाव बरेच उतरतात. एका घराला वीस किलोची जाळी डोईजड होते, पण एका जिन्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून पंचवटीतील बाजार समितीच्या आवारातून ती आणली तर परवडते. जास्तीचे टोमॅटो चिरून, मीठ घालून आटवावेत व लहान डब्यांत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. सकाळच्या भाजीला त्यातला एक चमचा पुरतो आणि चिरण्याची पाच मिनिटेही वाचतात. वाटणी करताना वजनकाटा मात्र समोर ठेवावा. शेजाऱ्यांशी वितुष्ट आल्यास कोणताही घाऊक भाव महागच पडतो.

गॅसची बचत कुकरमध्ये आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी उघड्या पातेल्यात ९८ अंशांच्या आसपासच उकळते. एकदा उकळी आल्यावर ज्योत कितीही मोठी ठेवली तरी त्याहून ते तापत नाही, केवळ वाफ उडून जाते. कुकरमध्ये दाबामुळे तेच तापमान १२० अंशांच्या घरात जाते. म्हणून डाळ, भात आणि उद्याच्या भाजीचे बटाटे किंवा बीट अशी तीन भांडी एकावर एक लावून एकाच वेळी शिजवावीत, तूरडाळ अर्धा तास आधी भिजवावी, आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. नवे सिलिंडर लावले त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख लिहिण्याची सवय असेल, तर १४.२ किलोचे सिलिंडर किती दिवस पुरले हे कळते. आमच्या घरी ही सवय लागण्याआधी प्रत्येकाचा अंदाज निराळा होता.

विजेच्या बाबतीत युनिटचे टप्पे समजून घेतले म्हणजे पुरे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त, त्यामुळे टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला थोडी बचतही जाणवते. ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट खातो; सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात नऊ युनिटांत भागवतो. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वाधिक फिरतो, म्हणजे बहुधा झोपण्याच्या खोलीतला, तो आधी बदलावा. हिवाळ्यात गीझर एकदाच लावून सर्वांनी लागोपाठ अंघोळी उरकाव्यात.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. पुष्कळ घरांत डब्याची बचत म्हणजे घरातल्या एकाच बाईची पहाटेची झोप असते आणि ती वहीत कुठेच मांडलेली नसते. अशी काटकसर फार दिवस टिकत नाही आणि टिकू नये. ज्याला डबा हवा आहे त्याने रात्रीची भाजी चिरावी, आल्यावर आपला डबा स्वतः घासावा, शनिवारी चटणी कुटावी; दहा वर्षांच्या मुलाला मटकी भिजत घालता येते आणि शेंगदाणे सोलता येतात. आठवड्यातून एक दिवस डब्याला सुटीही असावी. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडून देण्याचा संकल्प कोणी करू नये. तो मोडतो आणि त्याच्याबरोबर डबाही मोडतो. मिसळीचा खर्च वहीत आधीच धरलेला बरा.

वही साधीच असावी. तिच्यात सगळा किराणा लिहीत बसू नये. फक्त घराबाहेर तोंडात गेलेल्या गोष्टी लिहाव्यात: चहा, वडापाव, उसाचा रस, मुलांची कुल्फी. ही नोंद पहिले दोन आठवडे डबा सुरू करण्याआधी ठेवली आणि पुढचे दोन आठवडे नंतर, तर फरक आपल्याच अक्षरात दिसतो.

संध्याकाळी परत आलेला डबा घासण्याआधी उघडून पाहावा आणि काय उरले आहे याची नोंदही त्याच वहीत करावी. जी भाजी दोनदा परत येते ती पौष्टिक असो वा स्वस्त, डब्यातून काढून टाकावी. आमच्याकडे दोडका असा तीन वेळा परत आला, तेव्हा त्याची भाजी रात्रीच्या जेवणाकडे गेली. त्याच्या शिरा मात्र तीळ आणि हिरवी मिरची घालून परतल्या जातात आणि ती चटणी ज्या दिवशी डब्यात असते त्या दिवशी तो कप्पा बोटाने पुसल्यासारखा रिकामा येतो.