मंदीत अडकलेली रिटेन्शन मोकळी करा
नागपूरजवळ बुटीबोरी-मिहानकडची कामं मंदावली की छोट्या ठेकेदाराला पहिली चणचण रोखीची. रेती-गिट्टीवाला थांबत नाही आणि प्रत्येक रनिंग बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलेलं बिल) हमी म्हणून कापलेली रक्कम, म्हणजे रिटेन्शन, मात्र दोषदायित्व काळ (काम झाल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपेपर्यंत काम देणाऱ्या मालकाकडे पडून.

१. रिटेन्शनऐवजी बँक गॅरंटी (ठेकेदार चुकला तर मालकाला बँक पैसे देईल अशी लेखी हमी) चालेल असं कलम करारात आहे का बघा. नसेल तरी लेखी मागा.
२. अर्जाला बिलवार कपातीचा तक्ता जोडा, नाहीतर तो टेबलावरच लोळतो.
३. बँकेत आधी मार्जिन (गॅरंटीसाठी बँक आपल्याकडून ठेवून घेते ती रक्कम) विचारा. १०० टक्के एफडी मागितली तर सोडून द्या, रोख तिथेही अडकतेच.

आलेल्या पैशातून सेंट्रिंगवाल्यांचा हिशेब आधी चुकता करा. चांगली टोळी एकदा फुटली की तेजीत शोधून सापडत नाही.

गॅरंटीची मुदत संपण्याआधी वाढवा; उशीर झाला तर मालक ती वटवून मोकळा होतो.